मधली दोरी काढल्यावर

अहो,

आज सकाळी मी नदीत उतरले. कन्हानच्या पाण्यात, तुमच्याच जागी, मांडीपर्यंत. तुमची निळी ट्रॅकपँट घालून. ती आता गच्चीवर वाळते आहे आणि मी जेवणाआधी हे लिहायला बसले आहे, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. मृणालला सांगितलं तर लेक पुण्याहून मिळेल त्या गाडीनं येईल आणि आधी मला डॉक्टरकडे नेईल. वासुदेवभाऊंना सांगायची गरज नाही, ते काठावरच होते. मग उरलं कोण?

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. गुरुजींना जे विचारायचं ते विचारून झालं. माझ्याकडे एक प्रश्न मात्र वर्षभर पडून होता आणि तो गुरुजींना विचारण्यासारखा नव्हता. तुमच्या हाताचा प्रश्न.

तुम्हाला त्या सकाळचं काय ठाऊक आहे, मला माहीत नाही. मला सांगितलं गेलं ते असं. दिवाळी होऊन गेली होती, पाणी निवळलं होतं. तुम्ही आणि वासुदेवभाऊ नेहमीसारखे स्कूटरवर गेलात. तुम्ही धारेतल्या त्या काळ्या खडकाशी उभे राहिलात, ते काठावर बसले. थर्मासमधला चहा त्यांनी ओतून घेतला. पाहिलं तर तुम्ही खडकावर छाती टेकून उभे, पाठ त्यांच्याकडे, डावा हात खडकावरून पुढे आणि हातातली काठी वाकलेली. हात खालीवर होत होता. भाऊंना वाटलं, मोठा मासा लागला. ते ओरडलेसुद्धा, "मस्त लागला गा शरद, सोडू नको." तुम्ही उत्तर दिलं नाही. मासा लागला की तुम्ही ब्रह्मदेवालाही उत्तर देत नसा, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी चहा संपवला. दुसरा कप घेतला.

मग त्यांना वाटलं, एवढा वेळ का लागतोय? हाका मारल्या. शेवटी बुटांसकट पाण्यात शिरले आणि तुमचा खांदा धरला. मासा तेव्हाही गळाला लागलेलाच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल. किती वेळापूर्वी, ते नेमकं सांगता येणार नाही म्हणाले. आणि वासुदेवभाऊ आपल्या दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "हात हलून राहिला होता ना त्याचा. मी पाह्यलं ना. हात हलून राहिला होता."

तेव्हापासून तो हात माझ्या मागे आहे. तुम्ही नाही आलात कधी. मी वाट पाहिली, खोटं का बोलू? दिवाणावर तुमची उशी तशीच ठेवली. पण तुमचा चेहरा येत नाही, आवाज येत नाही, येतो तो फक्त हात. कूलरच्या वाऱ्यानं पडद्याची दोरी खालीवर झाली की येतो. बँकेच्या रांगेत पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात थरथरत होता तर मी रांग सोडून त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. त्यांनी वळून विचारलं, "काय झालं बाई?"

आणि घरात अजून वाकून चालते मी. तुम्ही ती नायलॉनची तंगूस खिडकीच्या गजापासून स्वयंपाकघराच्या कडीपर्यंत ताणून ठेवायचात ना, पीळ जाण्यासाठी, आणि सगळ्यांनी तिच्याखालून वाकून जायचं. ती मी तेराव्यालाच काढली. तरी हातात चहाचा ट्रे असला की तिथे आल्यावर मान आपोआप खाली जाते. परवा मृणाल आली होती. तीही वाकली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

कुठून हे खूळ डोक्यात शिरलं तुमच्या? हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झालात तेव्हा मी म्हटलं होतं, आता हा माणूस माझ्या डाळीत मीठ किती ते सांगत बसणार. पण जावयानं तो रॉड पाठवला, पिसांच्या खोट्या माश्यांची डबी पाठवली, आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ गच्चीवर. त्या जाड पिवळ्या दोरीची ऐट काय होती! हवेत मागे जायची, पुढे यायची, लांब पसरायची आणि टोकाची माशी कूलरच्या रिकाम्या टपात अलगद पडायची. तुम्हीच समजावलं होतं, माशीला काही वजन नसतं, ती लांब जाते ती या दोरीच्या वजनावर. शेजारच्या कमलताई विचारत, "भाऊ काहून बिना पतंगीचा मांजा उडवून राहिले वं?" मी सांगायची, पतंग मी होते, कटली केव्हाची.

मग एक दिवस तुम्ही ती ऐटदार दोरी सोडून टाकलीत. लहान मुलाचं खेळण्यावरून मन उडावं तशी. तिच्या जागी ही नुसती तंगूस आली, रॉडच्या दुपटीहून लांब. जाड तुकड्याला बारीक तुकडा, त्याला त्याहून बारीक, प्रत्येक गाठ थुंकी लावून आवळलेली. मधे डोळ्यांना दिसावा म्हणून केशरी धाग्याचा एक तुकडा. आणि आता दोरीचं वजन नाही, म्हणून माशीलाच वजन हवं. इतवारीच्या बाजारातून पितळी मणी आणलेत आणि माझ्या भुवयांच्या चिमट्यानं ते माश्यांच्या डोक्याला बसवलेत. तो चिमटा मला परत मिळाला नाही, बरं का.

मी पोळ्या लाटत होते तेव्हा तुम्ही पाठीमागे येऊन हे सगळं समजावून सांगितलंत. "जाड दोरी पाण्यावर पडली ना शालू, का धार तिले ओढत नेते. तिच्या पोटात झोल पडते. माशानं तोंड लावलं तरी आपल्याले उशिरा समजते, तोवर तो थुंकूनही देते. आता मधातली दोरीच काढून टाकली. पाण्यावर काहीच टेकू द्याचं नाही. इकडे माह्या हात, तिकडे माशाचं तोंड. त्यानं नुसती मान हलवली तरी मले हातात समजते."

"अन् मी मान हलवली तर नाही समजत," मी म्हटलं होतं. तुम्ही हसलात आणि गरम पोळी उचलून खाल्लीत.

एक गोष्ट मात्र तुम्ही तेव्हा सांगितली नाहीत. ती मला वासुदेवभाऊंकडून कळली, तुम्ही गेल्यावर. पिवळ्या दोरीनं काठावर उभं राहून दूर फेकता येतं. या लांब तंगुशीनं दूर फेकताच येत नाही. माशाच्या जवळ जावं लागतं. पाण्यात उतरावं लागतं. भाऊंना ती पिवळी दोरी तुम्हीच देऊन टाकली होतीत, म्हणून ते काठावर होते आणि तुम्ही पाण्यात. जवळ जायची एवढी हौस होती तर सांगायचं होतं ना मला?

आणि खांदा. अहो, त्या खांद्यावर मी किती राग काढलाय, तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही डावखुरे. तंगूस पाण्याला टेकू नये म्हणून सकाळभर डावा हात वर धरून उभे राहायचे. घरी आलात की खांद्यापासून कोपरापर्यंत दुखायचं. "नवीन पद्धत आहे ना वं, सवय नाही हाताले." मी तिळाचं तेल कोमट करून चोळून द्यायची आणि म्हणायची, दोन दिवस काठी नका धरू. दोन दिवस धरली नाही तरी दुखलं, तर तुम्ही म्हणालात, मुरलेलं दुखणं आहे. दुसऱ्या कोणाचा डावा हात असा दुखला असता, तर मीच त्याला ओढत दवाखान्यात नेलं असतं. पण आपल्या घरात डावा हात दुखायला कारण होतं. चांगलं दाखवण्यासारखं, गच्चीवर टांगलेलं कारण होतं. आपण दोघंही त्या काठीला दोष देत बसलो आणि आत जे चाललं होतं ते चालूच राहिलं.

तर मी वासुदेवभाऊंचं सांगत होते. ते आपल्याकडे यायचे बंद झाले. चौदाव्यानंतर एकदाही नाही. तुम्ही दोघं एका बसनं हिंगण्याला गेलात, एका दिवशी रिटायर झालात, आणि तो माणूस नंदनवनच्या बाजारात मला पाहून वांग्यांच्या ठेल्यामागे गेला. त्यांच्या घरच्या वहिनी सांगत होत्या, चहा सोडला भाऊंनी. पुढ्यात ठेवला तर उठून जातात. मी एका दुपारी सरळ त्यांच्या घरी गेले आणि समोर बसले.

"भाऊ, काहून तोंड लपवता माझ्यापासून?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, त्याचा हात हलून राहिला होता. म्हणजे तो जिता होता ना? मले हाक मारता नसंन येत त्याले. हात हलवून बलावत असंन. अन् मी इकडे चहा पेऊन राहिलो होतो. दुसरा कप पेलो मी."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं, खरं सांगते. कारण मी त्या हाताला धरून वेगळ्याच ठिकाणी बसले होते. माझ्यासाठी हात हलत होता म्हणजे तुम्ही होतात. मासा लागला होता, तुम्ही तो खेळवत होतात, मजेत होतात, आणि मग एकदम गेलात. वर्षभर मी एवढ्यावर जेवले आहे. आणि ज्या गोष्टीवर मी जेवत होते, तीच त्या माणसाला खात होती.

मी विचारलं, "मासाच हलवत नसेल कशावरून? काठी तर मनगटाला बांधलेली होती." ती नाडी मीच शिवून दिली होती ना, एकदा तुमचा रॉड वाहून गेला होता म्हणून.

भाऊंनी मान हलवली. "मासा नाही हलवत हात. मी नाही का मासे धरत? तो ओढते तर दोरी ओढली जाते, काठी वाकते. हात आपण हलवल्याशिवाय नाही हलत."

तेव्हा मला तुमची ती पोळ्यांच्या वेळची गोष्ट आठवली. भाऊंच्या हाताला पिवळ्या दोरीची सवय. जाड, जड, पाण्यावर झोल टाकून पडलेली. मासा जे काही करील ते निम्मं तर त्या झोलातच मुरतं. तुमच्या तंगुशीचं त्यांना काय माहीत? त्यांनी ती कधी हातात धरलीच नव्हती. मधे काही ठेवलेलंच नाही म्हटल्यावर माशानं मान हलवली, तर हातही हलेल. की नाही हलणार? मलाही माहीत नव्हतं. घरात बसून कळण्यासारखं नव्हतं.

म्हणून शिकले. हसू नका. पहिल्या दिवशी माशी माझ्या वेणीत अडकली. दुसऱ्या दिवशी कूलरच्या गवतात. कमलताई आपल्या गच्चीवर पापड घालत होत्या, त्या उठून आत गेल्या आणि डोळे पुसून आल्या. तुमचे हात चालायचे तसं मनगट मोडून फेकायला गेले की तंगूस गोळा होऊन पायाशी पडायची. मग लक्षात आलं की हिला झटका चालत नाही. मागे मण्याचं वजन काठीच्या शेंड्यावर जाणवेपर्यंत थांबायचं आणि मग नुसतं पुढे नेऊन सोडायचं. सूप पाखडताना थांबतो ना, तेवढंच थांबायचं. हे तुम्ही मला त्या भाषेत सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशीच शिकले असते.

भाऊ यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी ऑटो करून एकटी जाते, मला पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मग आले.

त्या दिवशी ते जिथे बसले होते तिथेच मी त्यांना बसवलं. थर्मास मी नेला होता. चहा ओतून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, प्यायचा नसेल तर नुसता धरा, पण माझ्याकडे पाहा. मग पाण्यात शिरले. पाणी फार गार होतं. तळाचे दगड शेवाळलेले. प्रत्येक पावलाला मी तुम्हाला शिव्या देत होते, मोठ्यानं. खडक गाठला. काठीची नाडी डाव्या मनगटात घातली आणि तुमच्यासारखी छाती टेकली. खडकाला ऊन लागलेलं होतं. तुम्हालाही तो असाच कोमट लागला असेल का?

फेकत राहिले. केशरी धागा धारेबरोबर खाली येतो, काठीनं त्याच्या थोडं पुढे राहायचं, पाण्याला टेकू द्यायचं नाही. खांदा भरून आला. तोच दुखणारा खांदा, त्याच जागी. मला एकदम भीती वाटली, पण मी हात खाली घेतला नाही.

मग धागा थांबला. धार चालू होती आणि धागा थांबला. मी काही करायच्या आतच काठीचा शेंडा खाली गेला. मासा आपणहून अडकला होता. आणि मी मूठ सोडली. खांदा सोडला, कोपर सोडलं, सगळा हात खडकावर टाकून दिला. मेलेला हात कसा असतो, ते मी पाहिलं आहे. तसा.

हात हलला.

आधी खाली गेला, मग वर आला. थांबला. पुन्हा गेला. शाळेत बाई आपलं मनगट धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायच्या, तसं कोणीतरी माझ्याकडून काही करून घेत होतं. मी हलवत नव्हते. मी बघत होते. वर्षभर माझ्या मागे फिरलेला हात आता माझ्याच खांद्याला लागलेला होता आणि त्यात मी नव्हते.

"भाऊ," मी मान न वळवता ओरडले, "पाहा. असाच होता का?"

मी पुन्हा विचारलं. मग मागे पाणी खळबळलं. भाऊ बुटांसकट धावत येत होते. त्यांनी माझा खांदा धरला, गदगदा हलवला. "पुरे वहिनी. हलवा हात. तुम्ही हलवा. हलवा ना वहिनी!"

मी मूठ वळली. काठी उचलली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, पुन्हा तोंडाकडे. "असाच होता," म्हणाले. "बिलकुल असाच." आणि तिथेच पाण्यात उभे राहून रडले. त्यांनीच मग मासा जवळ घेतला, तोंडातून गळ काढला आणि सोडून दिला.

काठावर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे भाऊ, तुम्ही चहा घेत होता तेव्हा ते गेलेले होते. कोणी बोलावत नव्हतं तुम्हाला."

त्यांनी बुटांतलं पाणी काढलं. मग म्हणाले, "अन् मी बोलून राहिलो होतो त्याच्याशी. सोडू नको म्हणून."

"बरं केलंत," मी म्हटलं.

त्यांनी चहा घेतला आज. गार झालेला, पण घेतला. परत येताना पोह्याच्या ठेल्यावर स्कूटर थांबवून त्यांनी वरून तर्रीचा रस्सा जास्त मागितला, तेव्हा मला बरं वाटलं. पण तुम्हाला सांगते, फक्त तुम्हालाच. त्यांचं ओझं उतरलं ते खरं, माझ्याकडे जे होतं ते मात्र गेलं. तो हात तुमचा नव्हता. तुम्ही मजेत मासा खेळवत होतात, हे आता मला म्हणता येणार नाही. निदान मासा तरी तुम्ही स्वतः धरला असेल, असं मी पोहे खाताना मनाशी म्हणत होते. पण माझा मासाही आपणहूनच अडकला होता, मी काही केलं नव्हतं. म्हणजे तेवढंही नक्की नाही. कदाचित मासा आला तेव्हा तुम्ही नव्हतातच. मग इतका वेळ तो कोणाला ओढत होता? आणि मी इथे वर्षभर कोणाच्या हाताची वाट पाहत होते?

रागावू नका. मी जाणून घ्यायला गेले होते, तुम्हाला पुसायला नाही. भाऊ तसेच मेले असते हो, वांग्यांच्या ठेल्यामागे लपून. तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं, फक्त मला न सांगता.

आत्ता लिहितानासुद्धा मनगटात ती ओढ आहे. अक्षर बघा, कसं खालीवर जातंय. भाऊ म्हणाले, पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, आणि मी हो म्हटलं. मृणाल ओरडेल. मला मासे धरायचे नाहीत. पण त्या पाण्यात, मधे काही नसताना, पलीकडे काहीतरी जिवंत आहे हे हाताला इतकं लख्ख कळलं की ते सोडून घरात बसवणार नाही. तुम्ही काय शोधायला जात होतात ते थोडं समजलं. ते मला आधी कळलं असतं तर मी तुमच्याशी भांडले नसते असं नाही, भांडले असतेच.

एक वचन देते. मी पाण्यात असताना काठावरच्या माणसानं हाक मारली, तर केवढाही मासा लागलेला असो, सुटून गेला तरी चालेल, मी ओ देईन.

तुमची,
शालू